हर्सूलचा रस्ता आणि बंद पडलेली गाडी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या तटबंदीच्या उत्तर बाजूला असलेल्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडणारा रस्ता हर्सूल गावाजवळून जातो, सावंगी, चौका, फुलंब्री आणि सिल्लोड मागे टाकून अजिंठ्याच्या घाटाला भिडतो आणि फर्दापूरला घाट उतरून पहूरमार्गे जळगावकडे वळतो. मुघल काळात दख्खनचा कारभार औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, आणि बुऱ्हाणपुरातून चालत असे, तेव्हा या दोन शहरांमधली लष्कराची, खजिन्याची आणि व्यापाऱ्यांची ये-जा याच दिशेने होई; आज याच पट्ट्यातून जळगाव–संभाजीनगर राष्ट्रीय महामार्ग जातो आणि हर्सूलच्या पुढे सावंगीजवळ तो मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाला भेटतो. या रस्त्यावरून कोण गेले याविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु जे वाहन मुक्कामापूर्वीच, दोन गावांच्या मध्ये, अकस्मात निकामी झाले त्याचे पुढे काय होत असे, त्याला कोण मदत करीत असे आणि ती मदत कोणत्या ज्ञानावर उभी असे, याचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रत्यक्षात एखाद्या काळातील रस्त्याची व्यवस्था समजून घेण्यास तोच प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण चालत्या वाहनाला रस्त्याकडून फार थोडे लागते आणि बंद पडलेल्या वाहनाला जवळजवळ सर्व काही लागते.

मोटारीपूर्वीच्या काळात हे लागणारे सर्व काही मजलेच्या हिशोबाने मांडलेले होते. मजल म्हणजे लद्दू जनावराने किंवा बैलगाडीने एका दिवसात तोडायचे अंतर. प्रत्येक मजलेच्या शेवटी पाणी, चारा आणि बंदिस्त निवारा मिळावा या हेतूने मोठ्या मार्गांवर सराया, म्हणजे चहूबाजूंनी ओवऱ्या असलेली मुक्कामाची आवारे, बांधली गेली. अजिंठा आणि फर्दापूर या घाटाच्या वरच्या व खालच्या गावांत अशा सरायांच्या भव्य इमारती आजही उभ्या आहेत आणि अवघड चढणीच्या दोन्ही टोकांना थांबण्याची सोय असावी हा विचार त्यांच्या जागेवरूनच स्पष्ट होतो. बैलगाडीचा बिघाड मुख्यतः लाकडाचा आणि लोखंडाचा असे: आख मोडणे, आरा निखळणे, चाकावरची लोखंडी धाव ढिली होणे. तो दुरुस्त करणारे सुतार आणि लोहार हे प्रत्येक बऱ्यापैकी गावात बलुतेदार म्हणून बसलेलेच असत आणि गावच्या शेतीसाठी ते रोज जे काम करीत, तेच वाटसरूच्या गाडीसाठीही चालत असे. वाटेवरच्या दुरुस्तीसाठी वेगळे ज्ञान, वेगळी हत्यारे किंवा वेगळा कारागीर लागत नव्हता, ही त्या व्यवस्थेची खरी ताकद होती. शिवाय बैल थकतो तेव्हा आधी मंदावतो, मान टाकतो, आणि गाडीवानाला अर्धी मजल अगोदर त्याची चाहूल लागते. ज्याला अचानक बंद पडणे म्हणतात तो प्रकार या रस्त्याला यंत्राबरोबरच नव्याने माहीत झाला.

हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून औरंगाबादमार्गे धावू लागली ती १९०० च्या सुमारास. त्यामुळे अजिंठ्याची लेणी पाहू इच्छिणाऱ्यांना रेल्वेने औरंगाबादपर्यंत किंवा ब्रिटिश हद्दीतील जळगावपर्यंत येऊन पुढचा प्रवास रस्त्याने करणे शक्य झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतर टांग्याच्या व दमणीच्या जोडीला मोटार आली. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि अजिंठ्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर ब्रिटिश अमलातला खानदेश सुरू होई, म्हणजे हा रस्ता दोन राजवटींच्या मधून जात होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ साली झालेला मोटार वाहनांचा कायदा एका बाजूला चाले आणि दुसऱ्या बाजूला संस्थानाचे स्वतःचे नियम. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली आणि वाटेत अडकलेल्या सभासदाला मदत पोहोचविणे हे पुढे तिच्या कामांपैकी एक ठरले. असे संघटित साहाय्य महानगराच्या भोवतीच मिळणे स्वाभाविक होते. घाटमाथ्यावर अडकलेल्या चालकाची भिस्त स्वतःच्या हत्यारपेटीवर आणि जवळच्या गावावरच राही.

त्या काळच्या मोटारीची रचना लक्षात घेतली म्हणजे ही भिस्त किती मोठी होती ते कळते. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ ही जगात सर्वाधिक पसरलेली मोटार होती आणि तिचे इंजिन सुमारे वीस अश्वशक्तीचे होते. तिच्यात इंधन ओढणारा पंप नसे. टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनापर्यंत वाहत जाई, त्यामुळे तीव्र चढावर टाकीत पेट्रोल कमी असेल तर इंजिनाकडची पातळी वर जाऊन पुरवठा तुटे आणि गाडी चढाच्या मध्यावरच थांबे. यावर जगभरच्या चालकांनी शोधलेला उपाय म्हणजे गाडी उलटी फिरवून मागच्या गियरमध्ये चढ चढणे. इंजिन थंड ठेवण्यासाठीही बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली येते एवढ्याच तत्त्वावर रेडिएटर, म्हणजे पाणी गार करणारी जाळी, काम करी. मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात चौक्याच्या चढावर या तत्त्वाची परीक्षाच होत असणार, कारण सावकाश चढताना वाराही पुरेसा लागत नाही आणि पाणी उकळून उडून जाते. म्हणूनच हर्सूल आणि सावंगी यांसारख्या घाटाच्या पायथ्याच्या, तळ्याविहिरींच्या गावांना मोटारीच्या युगात नवा अर्थ आला. खाम नदीच्या ज्या खोऱ्यातून मलिक अंबराच्या काळापासून शहराकडे नळाने पाणी आणले गेले, त्याच खोऱ्यातले पाणी डब्यातून रेडिएटरमध्ये पडू लागले. जनावराला पाणी पाजण्याची जागा यंत्राला पाणी पाजण्याची जागा झाली आणि रस्त्यावरच्या थांब्यांचा जुना नकाशा काही काळ तसाच टिकला.

संस्थानी राजवटीने या विखुरलेल्या मोटारवाहतुकीला पहिल्यांदा संस्थात्मक रूप दिले. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्तेवाहतूक विभाग सुरू केला तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. सरकारी मालकीच्या प्रवासी बससेवेचा देशातील हा अगदी सुरुवातीचा प्रयोग होय. रेल्वेच्या हाताखाली बससेवा असण्याचा एक परिणाम इतिहासकारांनी पुरेसा नोंदविलेला नाही. रेल्वेला ठरावीक अंतर धावल्यावर इंजिन तपासणे, भाग झिजण्यापूर्वीच बदलणे आणि प्रत्येक बिघाडाची लेखी नोंद ठेवणे यांची दीर्घ शिस्त होती. ती शिस्त बसला लागू झाली म्हणजे बिघाड हा दैवाचा खेळ न राहता ज्याची मोजदाद करता येते आणि जो टाळता येतो असा प्रकार ठरतो. खाजगी मोटारमालक इंजिन बंद पडल्यावर कारागीर शोधीत असे, तर संस्था ते बंद पडू नये म्हणून कारागीर पगारावर ठेवीत असे.

दुसऱ्या महायुद्धाने या शिस्तीवर मोठा ताण आणला. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर अनेक बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसविल्या गेल्या. अपुऱ्या हवेत लोणारी कोळसा जाळला असता कार्बन मोनॉक्साइडयुक्त ज्वलनशील वायू तयार होतो आणि तो गाळून पेट्रोलच्या इंजिनाला पुरविता येतो. परंतु या वायूची ताकद पेट्रोलहून बरीच कमी असते आणि नीट न गाळलेली राख व डांबरी द्रव्ये इंजिनाच्या झडपांवर बसतात. भट्टी पेटायला वेळ लागे, चढावर जोर अपुरा पडे, आणि प्रवाशांनी उतरून गाडी ढकलणे हा त्या वर्षांतल्या प्रवासाचा सर्वपरिचित भाग झाला. त्या पिढीच्या चालकांनी आणि मिस्त्रींनी अपुऱ्या साधनांत इंजिन जिवंत ठेवण्याचे जे कौशल्य कमावले, ते स्वातंत्र्यानंतरच्या गॅरेजांना वारसा म्हणून मिळाले असे मानण्यास जागा आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतर मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या एस.टी.त, विलीन झाली. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक औरंगाबादजवळ चिकलठाण्याला उभी राहिली. दापोडी आणि हिंगणा या तिच्या दोन भगिनी. जळगाव रस्त्यावर एस.टी. बंद पडली म्हणजे काय करायचे याची एक ठरलेली रीत होती, आणि ती या लेखाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. चालक व वाहक मागून येणाऱ्या एस.टी.ला हात करीत, बंद गाडीतले प्रवासी त्याच तिकिटावर त्या गाडीत बसविले जात, मागून आलेल्या गाडीबरोबर पुढच्या आगाराला निरोप जाई आणि आगारातून मिस्त्री हत्यारांसह येई. ज्या काळात रस्त्यावर दूरध्वनी नव्हता त्या काळात बसचे वेळापत्रक हेच निरोप पोहोचविण्याचे साधन होते. आजही परिवहन महामंडळे दर दहा हजार किलोमीटरमागे मार्गावर किती गाड्या बंद पडल्या हा आकडा कार्यक्षमतेचे माप म्हणून काढतात. इंजिनाच्या अवचित थांबण्याला कायमचा रकाना देणारी ही पद्धत सार्वजनिक संस्थेने समाजाला दिलेली मोठी देणगी आहे. खाजगी वाहनांच्या बाबतीत अशी नोंद देशाने कधीच ठेवली नाही.

खाजगी वाहनांची नोंद ठेवली ती रस्त्याकडेच्या गॅरेजाने, आणि तीही वहीत कमी व हातात अधिक. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा–मर्सिडीज बेंझ ट्रक तयार होऊ लागले; कलकत्त्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली फियाट या दोन मोटारींनी पुढची तीन-चार दशके देशाचे रस्ते व्यापले. इतकी वर्षे तीच तीच इंजिने चालू राहिल्याचा परिणाम असा झाला की त्यांचा प्रत्येक दोष कारागिरांच्या परिचयाचा झाला. या धंद्यातले शिक्षण उस्ताद आणि शागीर्द या नात्याने चाले. औरंगाबादेत त्यात दखनी बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबांचा मोठा वाटा होता आणि मराठी बोलणारी खेड्यातली मुलेही त्याच भाषेत हा धंदा शिकली. मुलगा आधी पाने धुऊन हाताशी देई, मग चाके उघडी, मग ऑइल बदली. इंजिनाला हात लावायला मिळण्यापूर्वी काही वर्षे जात. या शिक्षणात सर्वांत अवघड धडा होता तो रस्त्यावर येऊन बंद गाडीचा दोष न उघडता ओळखण्याचा.

हा धडा मुख्यतः गाडी कशी बंद पडली या प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो, म्हणून तो थोडा उलगडून सांगणे योग्य ठरेल. पेट्रोल इंजिनाला हवेत मिसळलेले इंधन, सिलिंडरमधील दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी एवढ्या गोष्टी लागतात. दिवा मालवावा तशी गाडी एकदम, कसलाही धक्का न देता बंद पडली, तर उस्तादाचा हात प्रथम विजेकडे जाई: कॉइलची तार सुटली असेल, डिस्ट्रिब्यूटरमधला पॉइंट जळला असेल किंवा त्याच्या जोडीचा कंडेन्सर गेला असेल. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी विजेचा प्रवाह क्षणोक्षणी तोडणारे दोन लहानसे संपर्कबिंदू. काजळी धरलेला पॉइंट पॉलिश पेपरने घासून गाडी पुढच्या गावापर्यंत नेता येई. गाडी आधी धक्के देऊ लागली, मिसिंग करू लागली आणि मग थांबली, तर दोष इंधनाचा: कार्बोरेटरच्या सूक्ष्म छिद्रात कचरा, टाकीत पाणी, किंवा कडक उन्हात पंपातच पेट्रोलची वाफ होणे. हा शेवटचा दोष मराठवाड्यात विशेष परिचित होता. इंजिनाला चिकटून बसविलेला पंप तापला की नळीतले पेट्रोल द्रवरूपात राहत नाही, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि उत्तम स्थितीतले इंजिन उपाशी राहते; पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबले की गाडी पुन्हा सुरू होते. ज्याला हे ठाऊक नव्हते तो अर्धे इंजिन उघडून बसे. तिसरा प्रकार आवाजाचा. ठोके देत, करकरत थांबलेले इंजिन म्हणजे बेअरिंग गेले, पिस्टन चिकटला किंवा ऑइल संपून इंजिन जाम झाले. अशा गाडीचे रस्त्यावर काही होत नाही, ती टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला साखळीने किंवा लोखंडी दांडीने जोडून, ओढतच न्यावी लागते.

डिझेलच्या ट्रकची तऱ्हा निराळी होती. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेटते, म्हणून नळीत हवेचा बुडबुडा शिरणे हा त्याचा मुख्य शत्रू. टाकी कोरडी पडली, फिल्टरची वायसर सैल झाली किंवा नळीला बारीक चीर गेली तर पंप इंधनाऐवजी हवा दाबीत राहतो आणि इंजिन शांत होते. अशा वेळी पंपाचा स्क्रू ढिला करून हातपंपाने फेसाळ डिझेल बाहेर काढीत राहायचे आणि स्वच्छ धार आली की स्क्रू आवळायचा, याला हवा काढणे म्हणतात. हे काम बहुतेक जुन्या ट्रकचालकांना आणि क्लीनरांना येत असे. ट्रकवरच्या क्लीनरकडे केवळ पोऱ्या म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागली होती, पण तो वस्तुतः चालता-फिरता मदतनीस कारागीर होता. क्लीनर न ठेवता एकट्या चालकावर लांबचा ट्रक सोपविण्याची प्रथा वाढली तेव्हा खर्च वाचला, परंतु बिघाडाच्या वेळी लागणारा दुसरा माणूस, रस्त्यावर उभा राहून मागच्या गाड्यांना हात दाखविणाराही माणूस, त्याबरोबर नाहीसा झाला.

हात दाखविण्याचा हा प्रश्न किरकोळ नाही. बंद ट्रकच्या मागे दगड मांडणे आणि बाभळीची किंवा निंबाची फांदी टाकणे ही खुणेची जुनी पद्धत या रस्त्यावरही होती. फांदी दिसली की पुढे काहीतरी अडले आहे हे सर्वांना कळे आणि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने येणारी गाडी सहज थांबे किंवा वळसा घेई. परंतु गाडी दुरुस्त झाल्यावर दगड तसेच रस्त्यात सोडून जाण्याची वाईट सवयही या पद्धतीला चिकटली होती आणि रात्री दुचाकीस्वारांना त्याची शिक्षा भोगावी लागे. कायद्याने पुढे परावर्तक त्रिकोण वाहनात ठेवणे आवश्यक केले; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ मध्ये वाहतुकीला अडथळा होईल अशा रीतीने निकामी वाहन सार्वजनिक जागी ठेवणाऱ्यास (२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी) तासाला पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि ओढून नेण्याचा खर्च अशी तरतूद झाली. दंडाची ही भाषा बिघाडाकडे अडथळा म्हणून पाहते. अडकलेल्या माणसाला मदत कोणी द्यायची, याचे उत्तर त्या कलमात नाही.

दरम्यान शहर बदलत होते. १९६० च्या दशकात चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आकाराला आली, १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, ग्रीव्ह्जची डिझेल इंजिने औरंगाबादेत बनू लागली आणि २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. ज्या जिल्ह्यात मोटार एकेकाळी परदेशातून येई, तिथे इंजिने आणि त्यांचे सुटे भाग घडविणारे हजारो हात तयार झाले. या कारखान्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आलेली, मापाच्या आणि अचूकतेच्या शिस्तीत वाढलेली पिढी घडविली. उस्तादाच्या परंपरेशी तिचा संबंध मात्र तुटकच राहिला. कारखान्यात भाग घडविणारा आणि जळगाव रस्त्यावर तोच भाग बदलणारा यांची भेट घडवून आणणारी संस्था या शहरात निर्माण व्हायला हवी होती, आणि ती न झाल्याची किंमत पुढे मोजावी लागली.

ती किंमत कळून येण्यासाठी नव्या इंजिनाचा स्वभाव पाहावा लागतो. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुतीपासून मोटारी अधिक भरवशाच्या होत गेल्या, पुढे कार्बोरेटरच्या जागी संगणकाने नियंत्रित फवारणी आली, भारत स्टेज ४ मानके एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये मधली पायरी गाळून भारत स्टेज ६ आले. पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर हे नित्य त्रास देणारे भाग नाहीसे झाले आणि इंजिन वाटेत बंद पडण्याचे प्रसंग निःसंशय घटले. पण जे उरले ते अधिक अवघड आहेत. क्रँकशाफ्ट कोणत्या क्षणी कोणत्या स्थितीत आहे हे सांगणारा बोटाएवढा संवेदक निकामी झाला की संगणक फवारणी थांबवितो आणि धडधाकट इंजिन धावता धावता मरते. टाकीतला विजेचा पंप जळाला किंवा चोरीरोधक यंत्रणेला किल्ली ओळखू आली नाही तरी तेच. झडपांचा ताल सांभाळणारा टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून आतले सारे वाकते. मोठ्या डिझेल वाहनांत धूर शुद्ध करण्यासाठी लागणारे द्रावण, ज्याला चालक सरसकट युरिया म्हणतात, संपले तर यंत्रणा वाहनाची ताकद कापते. यांतला एकही दोष ओल्या फडक्याने किंवा पॉलिश पेपरने सुधारत नाही. त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांची नोंद वाचणारे उपकरण, लागते आणि पुष्कळदा नवा भागच लागतो. रस्त्याकडेच्या अनेक कारागिरांनी स्वतःच्या पैशाने स्कॅनर घेतले आणि ते वापरण्याचे शिक्षण एकमेकांकडून मिळविले, हे त्यांच्या जिद्दीचे द्योतक आहे.

दुसरा बदल चालकाच्या हाताखालीच झाला आणि त्याची जाणीव अजून पुरेशी पसरलेली नाही. जुन्या फियाटचे किंवा अँबॅसडरचे इंजिन बंद पडले तरी सुकाणू आणि ब्रेक पूर्वीइतकेच जड किंवा हलके राहत, कारण त्यांना इंजिनाची मदतच नसे. आजच्या मोटारीत ब्रेकला इंजिनाच्या ओढीने निर्माण होणाऱ्या पोकळीचे साहाय्य असते आणि सुकाणूला विजेचे किंवा तेलाच्या दाबाचे. इंजिन थांबल्यावर साठलेली पोकळी ब्रेकच्या एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि त्यानंतर ब्रेकवर सगळा जोर पायानेच द्यावा लागतो. ब्रेक गेला असे समजून घाबरणे किंवा ब्रेक पुन्हा पुन्हा मारून उरलेले साहाय्य वाया घालविणे या दोन्ही चुका यातून होतात. धोक्याचे दिवे लावून, किल्ली पूर्ण बंद न करता, वेग असेपर्यंत गाडी डावीकडे काढणे आणि एकाच सलग दाबाने थांबविणे हे आवश्यक झाले आहे, आणि ते चालक परवान्याच्या प्रशिक्षणात शिकवले जावे अशी अपेक्षा करणे वाजवी आहे.

२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव रस्त्याच्या चौपदरी काँक्रिटीकरणाचे काम हाती घेतले गेले आणि ते रखडले. ती काही वर्षे खोदलेल्या, धुळीच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाड्यांचे चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठविणारे भांडे, दगड लागून फुटण्याची भीती सतत असे. ऑइल गळून गेल्याचे लक्षात न आलेला चालक थोड्याच अंतरावर इंजिन जाम करून बसतो. दोष इंजिनाचा दिसत असला तरी कारण रस्त्यात असते, आणि बिघाडाच्या इतिहासात यंत्र व रस्ता यांची नोंद वेगळी करता येत नाही याचे हे जवळचे उदाहरण आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. सावंगीच्या चौफुलीवर या दोन रस्त्यांतला फरक स्पष्ट दिसतो. खालच्या जळगाव रस्त्यावर दर काही किलोमीटरवर गाव, विहीर, चहाची टपरी, पंक्चरवाला आणि मिस्त्री आहे. समृद्धी मार्ग बंदिस्त आहे, त्यावर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांना तिथे प्रवेश नाही. हर्सूल किंवा सावंगीचा जो कारागीर मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून कोणत्याही बंद गाडीपर्यंत पोहोचत असे, त्याला आपल्याच शिवारातून जाणाऱ्या या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीकडे त्या वाहनाने जाता येत नाही. ही मनाई सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. परंतु तिच्यामुळे अडकलेल्या वाहनाची जबाबदारी पूर्णपणे गस्तीच्या गाड्या, क्रेन आणि नियंत्रण कक्ष यांच्यावर येते, आणि ती यंत्रणा किती मिनिटांत पोहोचते हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे सरकते. तिच्या चालकाला अंधारात उभ्या असलेल्या वाहनाचा बोध व्हायला दोन सेकंद लागले तर तेवढ्यात साठाहून अधिक मीटर संपलेले असतात आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर, थांबलेल्या ट्रकवर प्रवासी मिनीबस आदळून १२ जण मरण पावले. तो ट्रक बिघाडाने थांबलेला नव्हता, परंतु वेगवान मार्गावर स्थिर वाहन म्हणजे काय असते हे त्या अपघाताने दाखविले, आणि इंजिन अचानक बंद पडल्याने थांबलेल्या गाडीतल्या माणसांना तोच धोका असतो. म्हणून गाडीत न बसता रेलिंगच्या पलीकडे जाऊन मदतीची वाट पाहावी हा नियम तिथे पाळावाच लागतो. जळगाव रस्त्यावर गाडीच्या सावलीत बसण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय या मार्गावर घातक आहे.

राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांक आहे, टोलनाक्यांच्या करारांत क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवण्याच्या अटी आहेत. गाडी उचलून नाक्याबाहेर काढली की सरकारी मदत तिथे संपते आणि क्रेनवरची गाडी पुन्हा खालच्या रस्त्यावर, सावंगी–हर्सूलच्या बाजूला किंवा शहरातल्या अधिकृत सेवाकेंद्राकडे, येते. अशा रीतीने नव्या मार्गाचा बिघाड जुन्या मार्गाच्या कारागिरांवर येऊन पडतो, मात्र त्यांचे ज्ञान, त्यांच्याकडची उपकरणे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारी तांत्रिक माहिती यांची चिंता कोणत्याही महामार्गाच्या आराखड्यात केलेली दिसत नाही. वाहननिर्मितीचे एवढे मोठे केंद्र असलेल्या या शहरात कारखाने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि हर्सूल टी पॉइंटपासून फुलंब्रीपर्यंतचे गॅरेजवाले यांना एकत्र आणणारा प्रशिक्षणवर्ग चालविणे अशक्य नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांची संख्या वाढत असताना त्याची निकड अधिकच आहे, कारण उच्च दाबाच्या बॅटरीला अप्रशिक्षित हात लागणे कारागिराच्याच जिवावर बेतू शकते. त्याबरोबर एस.टी.च्या आगारांतील मार्गावरच्या बिघाडांच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी जिल्हा अभिलेखागाराने किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाने ताब्यात घ्याव्यात. कोणत्या महिन्यात, कोणत्या चढावर, कोणत्या कारणाने गाड्या थांबल्या आणि त्या किती वेळाने हलल्या याची तारीखवार माहिती त्यांत असते आणि या रस्त्याचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला तिच्याइतके विश्वसनीय साधन दुसरे मिळणार नाही.